मधल्या सुट्टीतल्या मुली आणि एका चित्रकर्त्रीचे दप्तर

‘दप्तर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पेशवे दप्तरातील रुमाल येतात, गावोगाव कागद गोळा करीत हिंडणारे इतिहासाचार्य राजवाडे येतात, आणि त्या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत सिद्ध करणारे गोविंद सखाराम सरदेसाई येतात. राज्यकर्त्यांचे, सरदारांचे, सावकारांचे, देवस्थानांचे कागद जपावयाचे असतात हे आपल्या समाजाला एव्हाना पटलेले आहे. चित्रकाराचेही दप्तर असते आणि तेही जपण्याजोगे असते, ही कल्पना मात्र आपल्याला तितकीशी परिचयाची नाही. चित्रकाराने चित्र काढावे, ते कुठेतरी भिंतीवर लागावे, आणि त्याच्या मागे उरलेली पत्रे, पावत्या व अर्धवट रेखाटने यांची रवानगी रद्दीवाल्याकडे व्हावी, अशीच एकंदर रीत आहे. चित्रकार स्त्री असेल तर रद्दीची ही वाट आणखीच जवळची होते.

ही रीत केवळ आपलीच आहे असे मात्र नव्हे. १९५४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात तेथील कलासंग्रहालयाचे संचालक एडगर रिचर्डसन आणि लॉरेन्स फ्लाइशमन नावाचे एक तरुण संग्राहक यांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ ही संस्था काढली. अमेरिकन कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मूळ साधने एका ठिकाणी मिळत नाहीत, ही अडचण तिच्या मुळाशी होती. प्रारंभी ठिकठिकाणच्या कागदांच्या सूक्ष्मपट्टिका करून घेण्यावर भर होता. पुढे मूळ कागदही येऊ लागले. १९७० साली ही संस्था स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेचा भाग झाली. आज तिच्याजवळ दोन कोटींहून अधिक कागद, छायाचित्रे व तत्सम वस्तू आहेत.

त्यांत एक लहानसा संग्रह इझाबेल बिशप या चित्रकर्त्रीचा आहे. १९१४ ते १९८३ या कालखंडातील हे कागद एखाद्या कचेरीतील कपाटाचा एक खण भरेल इतकेच असतील. चित्रकारांशी, लेखकांशी, संग्रहालयांशी व कलादालनांशी झालेला पत्रव्यवहार, निरनिराळ्या कलासंस्थांच्या फाइली, मित्र चित्रकारांविषयी बिशप यांनी केलेले लेखन, टिपणे, प्रदर्शनांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे, आठ रेखाटनवह्या आणि काही सुटी रेखाटने व मुद्राचित्रे असे त्याचे स्वरूप आहे. त्यांत गुप्त कटकारस्थान नाही, खळबळजनक प्रेमप्रकरण नाही. चरित्रकारांना जे जे हवेसे वाटते त्यातले फारसे काही नाही. असे असूनही अर्थशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा हा संग्रह आहे. बिशपबाईंनी सुमारे अर्धशतक ज्या विषयाचा पाठपुरावा केला तो विषय नोकरदार मध्यमवर्गाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, हे त्याचे कारण. तो विषय म्हणजे कचेरीतल्या मुलींची मधली सुट्टी.

युनियन स्क्वेअर

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहटन भागात चौदाव्या रस्त्यालगत युनियन स्क्वेअर नावाचा चौक आहे. ‘युनियन’ या शब्दावरून कामगार संघटनांची आठवण होणे साहजिक आहे. पण नावाचा उगम साधा आहे. दोन मोठे रस्ते येथे एकत्र येत, म्हणून हे नाव पडले. पुढे इतिहासाने मात्र नाव सार्थ केले. १८८२ साली अमेरिकेतील पहिला श्रमिकदिनाचा मोर्चा येथून गेला, आणि ६ मार्च १९३० रोजी बेकारांचा प्रचंड मेळावा व पोलिसांशी झटापट याच जागी झाली. चौकाच्या भोवती स्वस्त तयार कपड्यांची अवाढव्य दुकाने होती, उपाहारगृहे होती, वरच्या मजल्यांवर विमा कंपन्यांच्या व व्यापारी पेढ्यांच्या कचेऱ्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास या कचेऱ्यांतून व दुकानांतून शेकडो मुली खाली उतरत. फाउंटनच्या परिसरात दुपारी एक वाजता उभे राहणाऱ्यास या दृश्याची कल्पना सहज करता येईल.

इझाबेल बिशप यांचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. बालपण डेट्रॉइट येथे गेले. वडील ग्रीक-लॅटिनचे विद्वान व शिक्षक; आई स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती. घर सुसंस्कृत, पण पैशाची चणचण कायमची. वस्ती कामगारांची असल्याने शेजारच्या मुलांत मिसळू नये अशी घरची शिस्त होती, आणि त्या शेजाऱ्यांच्या घरांतील मोकळ्या वावराचे मुलीला नेमके आकर्षण होते. पांढरपेशा दारिद्र्य म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. सोळाव्या वर्षी, १९१८ साली, व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेण्यासाठी त्या न्यूयॉर्कला आल्या. जाहिरातींसाठी व मासिकांसाठी चित्रे काढून पोट भरावे हा व्यवहारी बेत होता. १९२० नंतर मात्र त्या ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ या शाळेत केनेथ हेज मिलर यांच्या हाताखाली रंगचित्रण शिकू लागल्या. रुबेन्ससारख्या जुन्या आचार्यांची रचना घ्यावी आणि विषय मात्र रस्त्यावरचा, आजचा घ्यावा, हा मिलर यांचा उपदेश होता.

उपदेशाने पोट भरत नाही. वडिलांच्या एका श्रीमंत नातेवाइकाने या मुलीला नियमित आर्थिक साहाय्य दिले, म्हणून तिला नोकरी न धरता चित्रकलेला वाहून घेता आले. कलेच्या इतिहासांत अशा गोष्टी तळटिपेत जातात. वास्तविक त्या पहिल्या परिच्छेदात असावयास हव्यात. जिची चित्रे नोकरी करणाऱ्या मुलींची आहेत, तिला स्वतःला नोकरी करावी लागली नाही, ही वस्तुस्थिती लपविण्यासारखी नाही. पण तिच्याकडे डोळेझाक करून या चित्रांचा अर्थही लावता येणार नाही.

१९२६ साली बिशप यांनी चौदाव्या रस्त्यावर एक खोली घेतली आणि १९३४ पासून थेट युनियन स्क्वेअरच्या कोपऱ्यावरील इमारतीत आपली चित्रशाळा थाटली. त्याच वर्षी हॅरॉल्ड वुल्फ या मज्जाविकारतज्ज्ञ डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला व बिऱ्हाड शहराच्या उत्तरेकडील रिव्हरडेल या उपनगरात गेले. चित्रशाळा मात्र हलली नाही. विवाहानंतर, १९४० साली मुलगा झाल्यानंतर आणि १९६२ साली वैधव्य आल्यानंतरही, उपनगरातून गाडीने यावयाचे, दिवसभर काम करावयाचे आणि सायंकाळी परतावयाचे, हा क्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. ज्यांची चित्रे काढावयाची त्या मुलींप्रमाणेच चित्रकर्तीही रोज गाडी पकडणारी होती.

कारकुनीचे स्त्रीकरण

या चित्रांतील मुली आल्या कोठून, याचे उत्तर अर्थशास्त्राकडे आहे. १८७० साली अमेरिकेतील कचेऱ्यांत स्त्री ही अपवादानेच दिसे. कारकून म्हणजे पुरुष, आणि पुढेमागे धन्याचा भागीदार होण्याची आशा बाळगणारा पुरुष. त्यानंतरच्या साठ वर्षांत कंपन्या मोठ्या झाल्या, रेल्वे, विमा व टपालाने चालणारा व्यापार वाढला, त्याबरोबर कागदांचा डोंगर वाढला. टंकलेखन यंत्र आले. कारकुनीचे काम तुकड्यांत विभागले गेले: एकाने मजकूर सांगावयाचा, दुसरीने लघुलिपीत उतरवावयाचा, तिसरीने टंकित करावयाचा, चौथीने नोंदवून फाइलीत लावावयाचा. माध्यमिक शिक्षण झालेल्या, पुरुषापेक्षा कमी पगारावर येणाऱ्या आणि लग्न होताच निघून जातील अशी धन्याची अपेक्षा असलेल्या मुलींना या तुकड्या तुकड्यांच्या कामावर नेमणे सोयीचे होते. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील कारकुनी कामगारांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, आणि टंकलेखनाच्या टेबलामागे तर पुरुष शोधावा लागे. कारकुनाचा भागीदार होण्याचा रस्ता याच काळात बंद झाला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मग मंदी आली. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार होता. अशा वेळी राग कोणावर तरी निघावाच लागतो. १९३२ च्या काटकसर कायद्यात एक कलम असे होते की पती व पत्नी दोघेही संघ सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीची कुऱ्हाड आधी अशांवर पडावी. कायद्याच्या भाषेत स्त्रीचे नाव नव्हते. नोकरी गेली ती बहुतेक ठिकाणी कमी पगाराची, म्हणजे पत्नीची. हे कलम १९३७ साली रद्द झाले. पुष्कळ शिक्षणमंडळांनी विवाहित शिक्षिकांना दारे बंद केली होती. १९३६ साली गॅलप यांच्या मतचाचणीत, पती पोसण्यास समर्थ असताना पत्नीने अर्थार्जन करावे काय या प्रश्नाला ८२ टक्के लोकांनी नकार दिला. आपल्याकडील सुशिक्षित घरांत हा वाद पुढे कित्येक वर्षे कसा रंगला, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना या टक्केवारीचे नवल वाटणार नाही.

बिशप यांची गाजलेली चित्रे नेमकी याच वर्षांतली आहेत. १९३५ सालच्या ‘टू गर्ल्स’ या रंगचित्रात दोघी तरुणी एका पत्रावर झुकलेल्या आहेत. या दोघी प्रत्यक्षात एका उपाहारगृहात वाढण्याचे काम करीत. मेट्रोपॉलिटन म्युझियमने हे चित्र दुसऱ्याच वर्षी विकत घेतले आणि त्या एका खरेदीने बिशप यांचे नाव झाले. त्याच वर्षीच्या ‘नून अवर’ या मुद्राचित्रात दोघीजणी भिंतीला टेकून उभ्या आहेत. १९४० च्या सुमारास काढलेल्या ‘लंच काउंटर’मध्ये मुली खाण्याच्या फळीशी आहेत. १९४१ सालच्या ‘टायडिंग अप’मधील तरुणी छोट्या आरशात आपले दात नीट आहेत ना ते पाहते आहे. हे शेवटचे चित्र विशेष पाहण्यासारखे आहे. आरशात पाहणारी सुंदरी हा पाश्चात्त्य चित्रकलेतील शतकानुशतके चालत आलेला विषय. पण दातांत काही अडकले आहे काय हे पाहणारी कारकून मुलगी त्या परंपरेत कोणी बसविली नव्हती.

या सर्व चित्रांत एक गोष्ट ध्यानात येते. यांतील मुली कचेरीत काम करणाऱ्या असूनही त्या टंकयंत्रापुढे बसलेल्या दिसत नाहीत. त्या खातात, गप्पा मारतात, कोट चढवितात, वर्तमानपत्र चाळतात, नुसत्याच उभ्या राहतात. कोणी म्हणेल, ही श्रमाकडे पाठ फिरविणारी कला आहे. त्याच चौकात मोर्चे निघत असताना या बाईंना आइस्क्रीम खाणाऱ्या मुली दिसाव्यात हे कसले वास्तव? आक्षेप वजनदार आहे, आणि डाव्या विचारांच्या टीकाकारांनी या वर्तुळातील चित्रकारांवर असे आक्षेप घेतलेही. परंतु दिवसाचे आठ तास जिने विकलेले आहेत, तिच्या जवळ स्वतःचा म्हणून जो वेळ उरतो तो हाच. विकलेल्या तासांत सर्व मुली सारख्याच दिसतात. तशाच त्या दिसाव्यात अशी कचेरीची व्यवस्थाच असते. कोणाची बसण्याची ढब कशी, कोणाची मैत्री कोणाशी, कोण थकली आहे आणि कोण उगाच हसते आहे, हे दिसते ते विकल्या न गेलेल्या तासात. मोर्चाच्या चित्रात ते सापडत नाही.

बिशप यांचे स्वतःचे स्पष्टीकरण किंचित निराळे होते. या मुली एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे जाण्याच्या अवस्थेत आहेत, त्या जेथे आहेत तेथे खिळलेल्या नाहीत, आणि ही चलनक्षमताच आपल्याला चित्रित करावयाची आहे, असे त्या सांगत. म्हणून त्यांच्या आकृतींच्या कडा रेखीव नसतात. मागील भूमी व पुढील शरीर एकमेकांत मिसळत राहतात. आकृती पुढच्या क्षणी हलेल असे वाटते. त्यासाठी त्या फळीवर पांढरा लेप देऊन त्यावर आधी करड्या रंगाचे विसविशीत पट्टे ओढीत आणि त्या थरथरत्या भूमीवर टेंपेरा व तैलरंगांचे पातळ थर चढवीत. तंत्र आणि विचार यांची ही सांगड विलक्षण आहे. पण विचार तपासून पाहावयास हवा. मजुराची मुलगी कचेरीत गेली म्हणजे तिचा पोशाख, तिची भाषा, तिची संगत बदलली हे खरे. तिच्या पुढचा रस्ता मात्र टंकलेखनाच्या टेबलापाशीच संपत होता. हे चलन होते ते एकाच पायरीचे. ही गोष्ट चित्रकर्तीला कितपत उमगली होती याविषयी मतभेद होऊ शकतील. चित्रांतील मुलींच्या चेहऱ्यांवर आशेपेक्षा थकवा अधिक दिसतो, एवढे मात्र निश्चित.

तांब्याचा पत्रा

बिशप केवळ रंगचित्रकार नव्हत्या. एचिंग म्हणजे अम्लरेखन या मुद्रणतंत्रातही त्यांचा अधिकार मोठा होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यावयाचा, सुईने तो खरवडून चित्र काढावयाचे, मग पत्रा अम्लात बुडवावयाचा. जेथे लेप निघाला तेथे अम्ल धातू खाते व रेषा खोदली जाते. पत्र्यावर शाई चोळून पृष्ठभाग पुसला की शाई फक्त रेषांत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून दाबयंत्राच्या रुळांखालून काढला की चित्र उमटते, अर्थात उलटे. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत मूळच मानली जाते. एकमेव तैलचित्राची मालकी एकाच धनिकाकडे जाते. मुद्राचित्र शिक्षकाच्या भिंतीवरही लागू शकते. १९३४ साली ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ या संस्थेने नामवंत चित्रकारांची मुद्राचित्रे पाच डॉलरला एक या दराने विकावयास काढली, ती याच हिशेबाने. पाच डॉलर त्या काळी टंकलेखिकेला हलके नव्हते, पण आवाक्याबाहेरचेही नव्हते.

बिशप यांच्या दृष्टीने एचिंगला आणखी एक उपयोग होता. एखादी हालचाल प्रथम वहीत रेखाटावयाची, मग तिचे एचिंग करून पाहावयाचे, आणि त्या कसोटीस ती उतरली तरच पुढे रंगचित्र. ‘नून अवर’चे एचिंग १९३५ मधले, त्याच विषयाचे रंगचित्र १९३९ मधले, ‘एन्काउंटर’चे एचिंग १९३९ चे, रंगचित्र त्या पुढच्या वर्षीचे. एकेका रंगचित्राला महिनेच्या महिने, कधी वर्षही लागे. बाजाराच्या भाषेत हे उत्पादन अत्यल्प. दप्तरातील आठ रेखाटनवह्यांचे मोल येथे कळते. भिंतीवरच्या पूर्ण चित्रात जे सहज घडल्यासारखे वाटते, त्याच्या मागे कोपराचा एकच कोन पुन्हा पुन्हा काढून पाहण्याचा खटाटोप असतो, आणि तो दिसावयाचा तर वहीतच. कलावंत स्त्रियांच्या कामाला ‘नाजूक’, ‘सहजसुंदर’, ‘उपजत’ अशी विशेषणे देऊन मोकळे होणाऱ्या समीक्षकांनी अशा वह्या एकदा हाताळाव्यात.

रटाळ कागदांचे महत्त्व

पत्रसंग्रहात वाचकाचे लक्ष आधी नामवंतांकडे जाते. अॅलिस नील, जॅक लेव्हिन, एडविन डिकिन्सन, फेअरफील्ड पोर्टर ही नावे कलेच्या अभ्यासकांना परिचित आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांत जो हॉपर हे नाव मात्र निराळ्या कारणासाठी थांबविते. एडवर्ड हॉपर या विख्यात चित्रकाराची ही पत्नी स्वतः चित्रकर्ती होती. १९६८ साली तिच्या मृत्यूनंतर पतीची व तिची अशी दोन्ही चित्रे व्हिटनी म्युझियमच्या स्वाधीन झाली. पतीची चित्रे त्या संग्रहाचे भूषण ठरली. तिची पुष्कळशी चित्रे इकडेतिकडे वाटली गेली वा दिसेनाशी झाली. एकाच घरातील दोघांच्या कामाला काळाने व संस्थांनी लावलेला हा न्याय. तिची पत्रे मैत्रिणीच्या दप्तरात टिकून राहिली.

त्याहूनही अधिक बोलके आहेत ते रटाळ कागद: समित्यांचे, निवडमंडळांचे, प्रदर्शनांना चित्रे उसनी देण्याघेण्याचे. बिशप १९३६-३७ मध्ये आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवीत, तेव्हा तेथील पूर्णवेळ शिक्षकवर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. १९४६ साली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स अँड लेटर्स’च्या उपाध्यक्षपदी त्यांची निवड झाली, १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत स्त्री पदाधिकारी होण्याची ही पहिलीच वेळ. मंदीच्या काळात सरकारी कोषागाराच्या कलाविभागाने टपाल कचेऱ्यांच्या भिंती रंगविण्याची कामे चित्रकारांना दिली, त्यांत ओहायोतील न्यू लेक्सिंग्टन या गावची भिंत १९३८ साली बिशप यांच्या वाट्याला आली. विषय होता त्या डोंगराळ प्रदेशाने देशाला दिलेले थोर पुरुष! मधल्या सुट्टीतल्या मुलींच्या चित्रकर्तीला सरकारने थोर पुरुष काढावयास लावावेत, यातला विनोद त्या काळी कोणाला जाणवला की नाही कोण जाणे. सरकारी काम, चोख वेतन, आणि ते बाईंनी केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेची लाट आली आणि माणसांची चित्रे काढणारे जुनाट ठरले. १९५३ साली एडवर्ड हॉपर, राफाएल सॉयर प्रभृतींनी ‘रिअॅलिटी’ नावाचे नियतकालिक काढून आपली बाजू मांडली. त्यांत बिशप होत्या. त्याचे जेमतेम तीन अंक निघाले. पुढची वीस वर्षे त्या आपल्या चौकात, आपल्या संथ गतीने, चालणाऱ्या माणसांची चित्रे काढीत राहिल्या. आता त्यांत भुयारी रेल्वेतील प्रवासी व पुढे महाविद्यालयीन विद्यार्थी येऊ लागले. १९७५ साली व्हिटनी म्युझियमने त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरविले. १९७९ च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांच्या कचेरीत ज्या ज्येष्ठ कलावंत स्त्रियांचा गौरव झाला, त्यांत जॉर्जिया ओ’कीफ, लुईझ नेव्हल्सन, अॅलिस नील यांच्याबरोबर बिशपही होत्या. १९८८ साली त्यांचे निधन झाले.

या दप्तराचा उपयोग काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले ते त्यानंतर. कलेतिहासकार एलेन विली टॉड यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चौदाव्या रस्त्यावरील चार चित्रकारांच्या चित्रांतील स्त्रीप्रतिमांचा अभ्यास केला. दुकानातील विक्रेती, खरेदीला आलेली गृहिणी, कचेरीतील मुलगी यांची चित्रे एकीकडे आणि वेतनाचे, नोकरीच्या जाहिरातींचे, विवाहविषयक वादांचे कागद दुसरीकडे ठेवून ती एकमेकांच्या प्रकाशात वाचण्याचा हा प्रयत्न होता. केवळ चित्रे उरली असती, तर ‘मुली गोड आहेत’ यापलीकडे कोणी फारसे गेले नसते. कागद होते म्हणून चित्रकर्तीची गुंतागुंतीची भूमिका तपासता आली. तिच्या बाजूने बोलता आले तसे तिच्या विरुद्धही बोलता आले. या संस्थेने अलीकडे आपल्या संग्रहांचा मोठा भाग संगणकाद्वारे जगभर खुला केला आहे. त्यामुळे नागपूरच्या वा कोल्हापूरच्या विद्यार्थ्यालाही असे कागद आपल्या जागेवरून वाचण्याची सोय झाली आहे. त्याने त्यातून आपल्याकडील एखाद्या चित्रकर्त्रीच्या घरच्या ट्रंकेकडे वळावे, ही अपेक्षा वावगी नाही.

मात्र कितीही जपला तरी हा संग्रह एका बाजूचाच आहे, हे विसरता येत नाही. पाहणारीचे कागद राहिले. जिला पाहिले तिचे राहिले नाहीत. चित्रशाळेत तासाच्या दराने बसणाऱ्या त्या मुलींनी संध्याकाळी घरी जाऊन काय सांगितले, संग्रहालयाच्या भिंतीवर स्वतःला पाहावयास त्यांपैकी कोणी गेली काय, ‘टू गर्ल्स’मधील त्या पत्रात काय लिहिले होते, याचा मागमूस कोणत्याही पेटीत लागावयाचा नाही. वाढण्याचे वा टंकलेखनाचे काम करणाऱ्या मुलीचे दप्तर कोण ठेवणार?

त्यांची एक खूण मात्र अशा संग्रहांत उरते. त्या काळच्या अमेरिकन कचेऱ्यांची एक रीत होती, आणि आपल्याकडील जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातही ती रुळलेली होती. टंकित पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मजकूर सांगणाऱ्या साहेबाची आद्याक्षरे मोठ्या लिपीत असत. मग एक तिरपी रेघ वा अपूर्णविराम. आणि त्यापुढे, लहान लिपीत, पत्र टंकित करणारीची आद्याक्षरे. संग्रहालयांची, कलादालनांची, संस्थांची असंख्य पत्रे त्या वर्षांत अशीच निघाली. साहेबाचे पूर्ण नाव वर सहीत असते. तिची ती दोनतीन लहान अक्षरे.